ठिणगीच्या पोटात काय असते?



गट बैठकीत एका सभासदाने आम्हांला विचारले, "आपल्या मळीचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातंय, मग गाडीला ठिणगी तीच पुरते का?" उत्तरासाठी आम्हांला आसवनीच्या केमिस्टसाहेबांकडे दोन खेपा घालाव्या लागल्या.

स्पार्क प्लगच्या दोन टोकांत हजारो व्होल्टचा दाब आला की मधल्या वायूचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. आभाळातली वीज तीच. (रक्तातला प्लाझ्मा निराळा, नाव तेवढे एक.)

ठिणगी उष्णता देते म्हणून इंधन पेटते, असे आपण समजतो. ते खरे, पण अर्धे. जळणे ही साखळी आहे. ऑक्सिजनचा सुटा अणू इंधनाच्या कणातून हायड्रोजन ओढून काढतो. त्यातून आणखी हावरे तुकडे सुटतात आणि पुढच्या कणांना धरतात. विजेचा झटका सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतकाच ठेवला, तर इलेक्ट्रॉन तापतात, वायू मात्र त्या मानाने थंड राहतो. हे इलेक्ट्रॉन नायट्रोजनला चेतवतात आणि चेतलेला नायट्रोजन ऑक्सिजनची जोडी फोडतो. साखळीचे बियाणे आयतेच तयार! साध्या ठिणगीला दाद न देणारे विरळ मिश्रणही प्रयोगशाळेत अशा झटक्यांनी पेटवले आहे. मात्र याच वाटेने नायट्रोजनचे विषारी ऑक्साइडही वाढू शकतात.

आता मूळ प्रश्न. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणून निव्वळ इथेनॉलवरची गाडी थंडीत कुरकुरते. ब्राझीलमध्ये तेवढ्यासाठी गाडीत पेट्रोलची छोटी टाकी ठेवत. आपल्याकडे २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. त्याला नेहमीची ठिणगी पुरते, प्लग तेवढा साफ हवा.

"मग बॉयलरला लावा की ही वीज!" असेही कोणी म्हणेल. चीन आणि रशियात कोळशाची पूड प्लाझ्माने पेटवतात, त्यामुळे बॉयलर सुरू करतानाचे तेल वाचते. पण आपल्या बगॅसमध्ये निम्मे पाणी. किलोभर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५० किलोज्यूल लागतातच. ठिणगी कितीही हुशार असो, त्यात सूट नाही. केमिस्टसाहेब तर हसून म्हणाले, "आधी मिलच्या शेवटच्या रोलरवर लक्ष द्या, बगॅस कोरडा येऊ द्या, मग प्लाझ्माचं बघू."