पानांवरील टिक्का आणि पेशींमधील पहारा

शेतात डोलणारे पीक ही शेतकऱ्याची खरी ठेव. भुईमुगाच्या बाबतीत या ठेवीला टिक्का रोगाचे ग्रहण लागते. पीक साधारणतः महिन्याचे झाले, की पानांवर पिवळ्या वलयाचे तपकिरी ठिपके दिसू लागतात. उशिरा येणाऱ्या टिक्क्यात पानांच्या खालच्या बाजूस काळसर ठिपके उमटतात. पाने गळतात, शेंगा पोसत नाहीत आणि वेळीच उपाय न केल्यास निम्मे उत्पादनही हातचे जाऊ शकते.

हा रोग सर्कोस्पोरा गटातील बुरशींमुळे होतो. या गटातील अनेक बुरशी सर्कोस्पोरिन नावाचे लाल रंगद्रव्य तयार करतात. जपानी शास्त्रज्ञांनी १९५७ साली सोयाबीनवरील बुरशीतून ते प्रथम वेगळे केले. सूर्यप्रकाश मिळताच या द्रव्यामुळे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण होतात व पेशींची आवरणे विदीर्ण होतात.

विशेष म्हणजे, बुरशीचा शिरकाव होताच वनस्पतीही असाच अतिक्रियाशील ऑक्सिजन शस्त्र म्हणून वापरते. परंतु हे शस्त्र दुधारी आहे. ते आवरले नाही, तर झाडाच्या स्वतःच्याच पेशी होरपळतात. ते आवरण्याचे काम अँटिऑक्सिडंट विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, करतात. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचे कार्य मॅककॉर्ड व फ्रिडोविच या अमेरिकेतील संशोधकांनी १९६९ साली उलगडले. ते घातक सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. कॅटालेज त्याचे विघटन करून पाणी व ऑक्सिजन बनवते. पेरॉक्सिडेज मात्र तेच हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून पेशीभित्तिकेत लिग्निन भरते. भिंत बळकट होते आणि बुरशीची वाट अडते.

थोडक्यात, शस्त्र किती उगारायचे व केव्हा म्यान करायचे, याचा जमाखर्च ही विकरे सांभाळतात. रोगप्रतिकारक वाणांत हा जमाखर्च अधिक तत्परतेने जुळतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अर्थात, प्रतिकारशक्ती केवळ विकरांवर अवलंबून नसते; झाडाचे इतर गुणही तिला हातभार लावतात.

म्हणूनच बियाण्याची निवड महत्त्वाची ठरते. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने विकसित केलेला जीपीबीडी-४ हा वाण उशिरा येणारा टिक्का व तांबेरा या दोहोंस प्रतिकारक आहे. त्याच्या जोडीला पिकांची फेरपालट करावी, रोगट पालापाचोळा नष्ट करावा आणि कृषी तज्ज्ञांच्या सल्ल्याने वेळेवर फवारणी करावी. पीक कर्जाची परतफेड अखेर शेंगांतूनच होते. आणि शेंगा पोसतात त्या निरोगी पानांच्या बळावर.