पडद्यावरचे खलनायक : थानोसच्या बाजूने साक्ष कोण देणार?

2012च्या ‘द ॲव्हेंजर्स’मध्ये श्रेयनामावली सुरू झाल्यावर एक छोटासा प्रसंग येतो. या माणसांना आव्हान देणं म्हणजे मृत्यूशीच सलगी, असं सेवक आपल्या धन्याला सांगतो. धनी मान वळवून हसतो. हाच थानोस. त्या हसण्यावर चाहत्यांनी पुढे सहा वर्षं तर्क लढवले.

ते हवेतले नव्हते. जिम स्टार्लिन यांनी 1973मध्ये कॉमिकमध्ये आणलेला थानोस मृत्यूच्या प्रेमात पडलेला आहे; मृत्यू तिथे स्त्रीरूपात वावरते. 1991च्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’मध्ये तिची मर्जी संपादन करायला तो एका चुटकीत निम्मी जीवसृष्टी संपवतो. सिनेमातही हीच प्रेयसी येणार, असं अनेकांनी धरूनच ठेवलं होतं.

एप्रिल 2018मध्ये ‘इन्फिनिटी वॉर’ आला आणि प्रेयसीचा पत्ताच नाही. खाणारी तोंडं फार, साधनं थोडी, म्हणून निम्मी तोंडं कमी करायची, एवढंच कारण. ते बऱ्याच जणांना पटलंही. पण हिशेब करून बघा. जगाची लोकसंख्या 1974च्या सुमारास 400 कोटी होती, नोव्हेंबर 2022मध्ये ती 800 कोटींवर गेली. म्हणजे निम्मी माणसं मारून हाती काय लागलं, तर जेमतेम पन्नास वर्षं. हवं ते घडवू शकणारे सहाही मणी हातात असताना साधनंच दुप्पट का केली नाहीत, हा चाहत्यांचा सवाल म्हणूनच बिनतोड आहे.

मग खरं कारण कोणतं? माझ्या मते ते टायटनवरच्या प्रसंगात आहे. थानोस मण्याच्या जोरावर आपल्या उजाड ग्रहाचं जुनं, हिरवंगार रूप डॉक्टर स्ट्रेंजसमोर उभं करतो. मी उपाय सुचवला होता, मला वेडा ठरवलं, असं सांगतो. त्याला दुजोरा द्यायला टायटनचं कुणीही तिथे नाही. जिने आपली माणसं मरताना पाहिली ती त्याची मानलेली मुलगी गमोरा मात्र त्याचं समर्थन साफ झिडकारते. जग वाचवण्यापेक्षा ‘माझंच बरोबर होतं’ हे सिद्ध करण्याची आस त्याला जास्त आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. त्यात ना मणी, ना चुटकी. पण मुळशीतल्या पिरंगुट, घोटवडे, भरे या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला सिनेमाचा नायक राहुल्या गुन्हेगार का झाला, याचा तर्क लढवावा लागत नाही. गुंठ्याचा भाव, घरी येणारा एजंट, विसाराची रक्कम, सातबाऱ्यावरून पुसलं गेलेलं नाव हे सगळं इथे घरोघरी ठाऊक आहे. जमीन गेल्यावर बाप हमाली करतो. मोहन जोशींनी केलेला हा बाप मुलाच्या दुःखाचा साक्षीदार आहे, तरी मुलाच्या मार्गाला त्याची संमती नाही. राहुल्याच्या पूर्वकथेवर आपला विश्वास बसतो तो या बापामुळे.

म्हणून मला राहुल्या थानोसपेक्षा कितीतरी सरस लिहिलेला वाटतो. ‘इन्फिनिटी वॉर’ पुन्हा पाहाल तेव्हा टायटनवरच्या प्रसंगात फक्त एवढंच बघा, की बोलतंय कोण. पुढच्या आठवड्यात ‘धडाकेबाज’मधला कवट्या महाकाळ.