मेहेरबानी नको, वाजवी सोय हवी

रविवारची पुरवणी आपल्याला निवांत वाचता येते, यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची पुण्याई आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून त्यांनी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. सुट्टी सर्वांसाठी एकदम मागता येते. पण एकाच माणसाची नजर अधू झाली, तर त्याने सोमवारी कामावर कसे जावे, हा प्रश्न मोर्चात सुटत नाही. तिथे त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा जाणता माणूस लागतो.

आमच्या आटपाडीसारख्या दुष्काळी मुलखात महिन्याचा ठरलेला पगार म्हणजे उन्हाळ्यातही न आटणारी विहीर. दोन वर्षांपूर्वी एका बँकेतला कारकून माझ्या घरी आला. मधुमेहाने त्याची दृष्टी मंदावली होती, रोकड मोजताना चुका होत होत्या. हातात स्वेच्छानिवृत्तीचा टंकलेला अर्ज. सही तेवढी बाकी. धाकटी मुलगी अजून शिकत होती. सोबत संघटनेचा तरुण प्रतिनिधी. बदल्या, पगारवाढ, संप यांचे नियम त्याला तोंडपाठ, पण इथे तो म्हणाला, “साहेब, तब्येतीचंच कारण म्हटल्यावर आपण काय बोलणार?”

बोलण्यासारखे पुष्कळ होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, की खालच्या पदावर ढकलता येत नाही. सरकारी बँका आणि एस.टी. महामंडळही त्यात आले. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यायचे. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचे. तक्रारीसाठी अधिकारी नेमलेला असतो आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते.

बँकांत १९६६ च्या द्विपक्षीय करारापासून खातेनिहाय चौकशीत कर्मचाऱ्याच्या बाजूने संघटनेचा प्रतिनिधी उभा राहू शकतो. आरोपपत्र आले की हे सर्वांना आठवते. आजार आला की कोणाला आठवत नाही.

त्या दिवशी आम्ही तिघांनी कारकुनाच्या कामांची यादी केली. रोकड जमत नव्हती. पत्रव्यवहार, ठेवींचे काम, ग्राहकांशी बोलणे जमत होते. संगणकावर मोठी अक्षरे आणि रोकडीऐवजी दुसरे टेबल, एवढीच मागणी प्रतिनिधीने लेखी दिली, पोच घेतली, पाठपुरावा केला. कारकून आजही त्याच पगारावर कामावर आहे.

संघटनांच्या शिबिरांत हेच शिकवायला हवे. सभासदाचे म्हणणे आधी एकांतात ऐकावे. ‘काय झालंय?’ यापेक्षा ‘कोणतं काम अडतंय आणि काय दिलं तर ते होईल?’ असे विचारावे. मागणी लेखी करावी, साहेबांपुढे सभासदाला एकटे पाठवू नये. आणि चहाच्या टपरीवर त्याच्या आजाराचा विषय काढू नये. आपल्याकडे सकाळचे गुपित संध्याकाळपर्यंत आठवडी बाजारात पोचते.

जुने करारही वाचायला शिकवावे. तेलंगणातील राज्य परिवहन महामंडळाच्या एका चालकाला रंगांधळेपणामुळे घरी बसवले गेले. रंगांधळ्या चालकांना पर्यायी काम देण्याचे कलम संघटनेबरोबरच्या १९७९ च्या करारात होते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक मानून त्याला योग्य काम देण्याचा आदेश दिला. ते कलम वेळेवर कोणी दाखवले आणि महामंडळाने मानले असते, तर त्या घराची कोर्टाची पायरी टळली असती.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातला कर्ता माणूस आजारपणानंतर असा टंकलेला कागद घेऊन आला, तर पेन हातात देण्याआधी संघटनेच्या प्रतिनिधीला घरी बोलवा. सही काय, उद्याही करता येते. केलेली मात्र सहसा परत घेता येत नाही.