ऊन छपरावर, दिवा झाडाखाली (अंगणातील उजेड : लेखांक ४)

बाजारातल्या सौर दिव्यात पॅनेल आणि दिवा एकाच दांड्यावर बसवलेले असतात. दांडा मातीत खुपसला की काम झाले. भिवंडी तालुक्यात, विशेषतः पडघा, अंजूर, वज्रेश्वरीकडच्या अंगणवाल्या घरांत, या सोयीतच मेख आहे. उजेड हवा असतो तो पायरीवर, विहिरीच्या वाटेवर, आंब्याखालच्या वळणावर. आणि नेमकी तिथेच दिवसभर सावली. पॅनेलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एकावर पान पडले तरी साऱ्या माळेचा प्रवाह घटतो. म्हणून माझे म्हणणे असे, की या दोघांची फारकत करावी : एकच मोठे पॅनेल छपरावर, बॅटरी पडवीत आणि तिथून १२ व्होल्टची तार अंगणात.

आता हिशेब. स्वस्त दिव्यात बहुधा १.२ व्होल्टची, ६०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे साठा ०.७२ वॉट-तासांचा. ती काठोकाठ भरली तरी सहा तासांवर वाटून ०.१२ वॉट हाती लागतो. वाटेसाठी ३ वॉटचा एलईडी धरला, तर हा त्याचा पंचविसावा हिस्सा. असे आठ एलईडी रात्री पाच तास लावायचे तर १२० वॉट-तास लागतात. मे महिन्याच्या उन्हात ४० वॉटचे पॅनेल हे सहज भागवील. पण आपल्याकडे हिशेब मे महिन्याचा करून चालत नाही. अंगणात पाणी, शेवाळ आणि साप-विंचू असतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि ऊन नसते तेही तेव्हाच. त्या दिवसांत पूर्ण उन्हाचे तीनच तास धरावेत, त्यातले तीस टक्के वाटेत गळतात असे मानावे, तर ५७ वॉट लागतात. सलग झाकोळलेल्या दिवसांची तूट भरून काढायला १०० वॉट घेतलेले बरे. सोबत १२ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी असली की तीन रात्री निभावतात. पॅनेल दक्षिणेकडे साधारण १९ अंश, म्हणजे इथल्या अक्षांशाइतके, कलवा असे सांगितले जाते. वर्षभराच्या सरासरीला ते ठीक आहे. पण जुलैत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि प्रकाश ढगांतून विखरून येतो, तेव्हा १० ते १५ अंश पुरेत. तेवढ्या उतारावर यंत्रमागांची रुई आणि गोदामांकडच्या ट्रकांची धूळ पावसात धुऊन जाते. दिवाळीनंतर मात्र फडके आपणच मारायचे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. आठ दिव्यांना महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते. एवढ्याशा बचतीतून बॅटरीची किंमत कधी वसूल होणार? बिल वाचवणे एवढाच हेतू असेल, तर घरच्या मीटरवरून १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावावा, पॅनेलच्या भानगडीत पडू नये. बॅटरी घ्यायची ती वादळी संध्याकाळी वीज जाते तेव्हासाठी. छपरावर पंतप्रधान सूर्य घर योजनेतून पॅनेल आहेतच, मग दुसरे कशाला, असेही कोणी विचारील. ती यंत्रणा सहसा ग्रीडला जोडलेली आणि बिनबॅटरीची असते. ग्रीड बंद पडली की तीही बंद होते, आणि रात्री तर तिचा प्रश्नच नाही. तिसरे म्हणणे, सरळ २३० व्होल्टच का नेऊ नये? ओल्या मातीत कधीतरी फावडे तारेवर बसणारच, हे त्याचे उत्तर. १२ व्होल्टवर त्या क्षणी दिवे जातील, माणूस नाही.

कमी व्होल्टची खोड मात्र तारेत असते. आठही दिव्यांचा २ अँपिअर प्रवाह दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून २५ मीटर नेला, तर जाऊन-येऊन ५० मीटरमध्ये १.२ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के दाब पडतो आणि टोकाचे दिवे मंदावू शकतात. अडीचची तार घेतली तर ०.७४ व्होल्टच पडतो. त्याहून स्वस्त युक्ती म्हणजे पडवीतून दोन दिशांना दोन फाटे काढणे. प्रत्येकात निम्माच प्रवाह वाहतो. तार पाइपातूनच न्यावी, उंदीर नुसती ठेवत नाहीत. जोड जमिनीत गाडू नये, दिव्याच्या खांबावर पाण्याबाहेर घ्यावा. आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज हवाच : १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण शॉर्ट झालेली बॅटरी तार लालभडक करते.