उंचीवाचक शब्द, इंग्रजीतील

वस्तूचा उभ्या दिशेतील विस्तार किंवा तिचे वरचे स्थान दर्शविणाऱ्या इंग्रजी शब्दांचा गट. ‘टॉल’, ‘हाय’ व ‘लॉफ्टी’ ही विशेषणे आणि ‘हाइट’, ‘ॲल्टिट्यूड’ व ‘एलिव्हेशन’ ही नामे ह्या गटातील प्रमुख शब्द होत. मराठीत ह्या सर्वांचे काम बहुतांशी ‘उंच’ व ‘उंची’ ह्या दोन शब्दांवर भागते. त्यामुळे इंग्रजी लिहिताना मराठी भाषकाची येथे हमखास अडचण होते. द्वैभाषिक कोशांत हे शब्द अनेकदा एकाच मराठी प्रतिशब्दाखाली येतात. प्रत्यक्ष वापरात मात्र ते परस्परांची जागा क्वचितच घेतात.

अडचणीचे मूळ ‘उंच’ ह्या मराठी शब्दातच आहे. ‘उंच माणूस’ असे म्हणताना त्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंतचा विस्तार अभिप्रेत असतो. ‘उंच फळी’ असे म्हणताना मात्र फळीच्या आकाराविषयी काहीच सांगितलेले नसते. ती जमिनीपासून बरीच वर बसविलेली आहे, एवढेच कळते. पहिल्या अर्थी इंग्रजीत ‘टॉल’ व दुसऱ्या अर्थी ‘हाय’ हा शब्द येतो. खिडकीच्या उदाहरणाने हा भेद नेमका ध्यानात येतो. ‘टॉल’ खिडकी ही स्वतः उभट असते आणि ती जमिनीलगतही असू शकेल. ‘हाय’ खिडकी ही भिंतीत वर असते आणि ती वीतभर असली, तरी चालते. तुरुंगाच्या कोठडीची खिडकी सामान्यतः दुसऱ्या प्रकारची असते. मराठीत ‘उंच खिडकी’ असे लिहिल्यास ह्यांपैकी कोणती, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

तथापि ‘हाय’ केवळ स्थानवाचक आहे, असे समजणे बरोबर नाही. जी वस्तू जमिनीवर उभी आहे. पण जिची रुंदी वा लांबी तिच्या उंचीच्या मानाने मोठी आहे, तिलाही सामान्यतः ‘हाय’ हेच विशेषण लागते. भिंत, कुंपण, डोंगर, बांध ही त्याची उदाहरणे. ‘टॉल’ हा शब्द निमुळत्या, सडपातळ, पायावर उभ्या असलेल्या वस्तूंना शोभतो : माणूस, जिराफ, ताड, धुराडे, खांब, गवत, पेला. इमारतीला ‘टॉल’ म्हणण्याचा प्रघात अधिक आहे. परंतु बहुमजली इमारतीसाठी ‘हाय-राइज’ हा जोडशब्द रूढ असून त्यात बदल करता येत नाही. डोंगराला ‘टॉल’ म्हटलेलेही आढळते; तसे म्हणताना लेखकाच्या डोळ्यांसमोर बहुधा एकाकी उभा सुळका असतो.

शंका आल्यास विरुद्धार्थी शब्द योजून पाहावा. ‘टॉल’चा विरुद्धार्थी शब्द ‘शॉर्ट’, तर ‘हाय’चा ‘लो’ होय. माणूस ‘शॉर्ट’ असतो, भिंत मात्र ‘लो’ असते. मराठीतही बुटका माणूस व सखल जमीन ह्यांची विशेषणे आपण अदलाबदल करून वापरीत नाही, म्हणजे जो भेद ‘उंच’ ह्या शब्दात बुजला आहे, तो विरुद्ध टोकाला मराठीतही काही प्रमाणात शिल्लक आहे. माणसाच्या बाबतीत चूक झाल्यास ती हास्यास्पद ठरते, कारण एखादी व्यक्ती ‘हाय’ आहे, ह्याचा आजच्या बोलीतील अर्थ ती नशेत आहे असा होतो. तान्ह्या मुलाला ‘टॉल’ही म्हणत नाहीत, त्याचे माप आडवे निजवून घेतात, म्हणून तेथे लांबीवाचक शब्द येतो.

किंमत, ताप, वेग, रक्तदाब, आवाजाची पट्टी ह्या सर्वांना ‘हाय’ हेच विशेषण लागते. मराठीत अशा ठिकाणी भाव चढतो, तापही चढतो. न्यायालय आणि रक्तदाब मात्र ‘उच्च’ असतात. ‘उंच’ हा शब्द संस्कृत ‘उच्च’पासूनच आला असून डोळ्यांना दिसणाऱ्या उंचीसाठी तद्भव व अमूर्त श्रेष्ठतेसाठी तत्सम, अशी वाटणी मराठीने केलेली दिसते. इंग्रजीची वाटणी वेगळ्या रेषेवरून गेली आहे. ‘टॉल’ला लाक्षणिक अर्थ थोडेच आहेत व ते प्रशंसेचे नाहीत : अतिरंजित कथा, अवाजवी मागणी, पोकळ वल्गना. ‘लॉफ्टी’ हा शब्द वाङ्‌मयीन असून शिखर, घुमट किंवा ध्येय ह्यांना तो शोभतो. मोजपट्टीच्या आकड्याबरोबर तो येत नाही.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘हाय’ हा शब्द जुन्या जर्मानिक वारशातील असून जर्मन ‘होख’ हा त्याचा सगोत्र आहे. ‘टॉल’चा इतिहास अधिक रंजक आहे. त्याच्या जुन्या इंग्रजी रूपाचा अर्थ चपळ वा तत्पर असा होता. मध्ययुगात तो देखणा, शूर ह्या अर्थांकडे वळला. उंचीचा अर्थ सोळाव्या शतकात स्थिर झाला. शेक्सपिअरच्या नाटकांत तो शूर ह्या अर्थानेही येतो, हे ठाऊक नसल्यास वाचकाची फसगत होते. ‘ॲल्टिट्यूड’ ज्या ‘आल्तुस’ ह्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ उंच आणि खोल असा दोन्ही होतो. उभ्या दिशेतील अंतर कोठून पाहावयाचे, हे तेथे बोलणाऱ्यावर सोडलेले होते.

नामांच्या बाबतीत हाच प्रश्न कळीचा ठरतो. ‘हाइट’ हे ‘टॉल’ व ‘हाय’ ह्या दोहोंचे सामाईक नाम असून ते कोणत्याही ठरविलेल्या तळापासूनचे अंतर सांगते. ‘ॲल्टिट्यूड’ व ‘एलिव्हेशन’ ही दोन्ही सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. मात्र विमानशास्त्रात ‘एलिव्हेशन’ जमिनीवरील बिंदूची व ‘ॲल्टिट्यूड’ हवेतील विमानाची असते. सामान्य व्यवहारात हा दंडक इतका कडक नाही. विरळ हवेमुळे होणाऱ्या विकाराच्या नावात, रोगी जमिनीवर उभा असला तरी, ‘ॲल्टिट्यूड’ हाच शब्द आहे. कळसूबाईचे १,६४६ मी. हे माप समुद्रसपाटीपासूनचे आहे. पायथ्याच्या बारी गावातून निघणाऱ्यास ते सगळे चढावे लागत नाही.

एव्हरेस्ट (८,८४८.८६ मी.; नेपाळ व चीन ह्यांनी २०२० मध्ये संयुक्तपणे जाहीर केलेले माप) हा जगातील सर्वांत ‘हाय’ पर्वत होय. हवाई बेटावरील मौना केआ समुद्रसपाटीपासून केवळ ४,२०७ मी. आहे, परंतु महासागराच्या तळावरील त्याच्या पायथ्यापासून मोजल्यास तो १०,००० मी.हून अधिक भरतो. म्हणून सर्वांत ‘टॉल’ पर्वत तोच, असे इंग्रजी लेखक म्हणतात. मराठीत ही दोन्ही विधाने ‘सर्वांत उंच’ अशीच होतात व परस्परविरोधी वाटतात.

इमारतींच्या बाबतीत असाच वाद झाला. ‘कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट’ ह्या संस्थेने १९९६ मध्ये क्वालालुंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांना (४५२ मी.) जगातील सर्वांत ‘टॉल’ ठरविले. शिकागोच्या सीअर्स मनोऱ्याचे (२००९ पासून विलिस मनोरा) छप्पर ४४२ मी.वर असून त्यावरील आकाशक धरल्यास तो ५०० मी.हून अधिक होतो. शिखर हा वास्तूचा भाग, आकाशक नव्हे, असा निकष लावला गेला. मात्र वापरातील सर्वांत वरचा मजला शिकागोचाच ठरला आणि त्या मजल्यासाठी संस्थेने ‘टॉल’ न योजता ‘हाय’ योजला, कारण तेथे प्रश्न स्थानाचा होता.

विमानचालनात हा भेद केवळ शैलीचा राहत नाही. लेह येथील धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाची जमिनीपासूनची ‘हाइट’ शून्य, तर ‘ॲल्टिट्यूड’ सु. ३,२५६ मी. असते. विमानातील उंचीमापक हवेच्या दाबावरून ‘ॲल्टिट्यूड’ काढतो, त्यासाठी त्या त्या ठिकाणचा समुद्रसपाटीवरील दाब त्यात भरावा लागतो. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरणाऱ्या एका विमानाला हा दाब १,००१ ऐवजी १,०११ हेक्टोपास्काल असा चुकीचा कळविण्यात आला. परिणामी विमान यंत्राने दाखविलेल्या पातळीपेक्षा सु. २८० फूट खाली होते आणि धावपट्टी येण्यापूर्वीच जमिनीपासून अवघ्या सहा फुटांपर्यंत आले. वैमानिकांनी वेळीच ते वर घेतल्याने अपघात टळला. ‘ॲल्टिट्यूड’ दाबावरून व ‘हाइट’ भूपृष्ठावरून परतणाऱ्या रेडिओ तरंगांवरून, अशा दोन स्वतंत्र उपकरणांनी मोजण्याची सोय आधुनिक विमानांत असते.

ह्यांखेरीज भूमितीत त्रिकोणाच्या शिरोलंबास, तर ज्योतिषशास्त्रात खस्थ पदार्थाच्या क्षितिजापासूनच्या कोनीय अंतरास, म्हणजे उन्नतांशास, ‘ॲल्टिट्यूड’ ही संज्ञा आहे. वास्तुशास्त्रात ‘एलिव्हेशन’ म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूचा आराखडा. तेथे उंचीचा अर्थ जवळजवळ उरलेलाच नाही.