रानअळंबीत काय असते?

कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी ही टर्मिटोमायसिस या प्रजातीची बुरशी असून वाळवीशी असलेल्या सहजीवनामुळे तिची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. कोरड्या भागात प्रथिने भरपूर असतात, तर पेशीभित्तिका कायटिनची, म्हणजे कीटकांच्या कवचातही आढळणाऱ्या चिवट कर्बोदकाची, असल्याने ती नीट शिजवावी लागते. सर्वांत मोलाचा घटक अर्गोस्टेरॉल हा मेदसदृश पदार्थ होय. अतिनील किरणांनी त्याचे ड-२ जीवनसत्त्व बनते आणि त्यासाठी माळवदावरचे ऊनही पुरते. काही विषारी अळंब्यांतील अमाटॉक्सिन शिजवूनही नष्ट होत नाही, म्हणून अनोळखी रानअळंबी खाऊ नये.