महसीर गळाला का लागत नाही?

धार जिल्ह्यात निसरपूरकडे गळ टाकून बसणाऱ्यांनो, आमिषाला दोष देऊ नका. पाणीच बदललंय. महसीर (नर्मदाकाठचा ‘बाडस’) हा मध्य प्रदेशचा राज्यमासा. त्याला वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी आणि अंडी घालायला गोटेरी तळ लागतो. सप्टेंबर २०१९मध्ये नर्मदेवरचं सरदार सरोवर धरण पहिल्यांदाच १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि त्याचा फुगवटा निसरपूरपर्यंत आला. अशा फुगवट्याच्या संथ पाण्यात गोट्यांवर गाळ बसतो. कटला-रोहूंना ते चालतं, महसीरला नाही. त्यात उन्हाळ्यात पाणी उतरलं की उरल्यासुरल्या डोहांवर गळ आणि जाळ्यांची झुंबड! ही गर्दी मला धरणाइतकीच घातक वाटते. १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीबंदी असते; देवासचं नेमावर असो की धारचं धरमपुरी, तेवढे दिवस गळ घरीच ठेवा.